अडीचच्या बांगडीचं चाक

पूर्णा म्हटलं की बाहेरच्या माणसाला गाडी बदलायची जागा आठवते. सिकंदराबाद-मनमाड ही मुख्य लाईन आणि इथून हिंगोली, वाशीम, अकोल्याकडे फुटणारी दुसरी. हिंगोलीची लाईन १९१२ ची, निजामाच्या राज्यातली. रात्री-अपरात्री पूर्णेच्या फलाटावर वळकटी पसरून पुढच्या गाडीची वाट पाहिली नाही, असा मराठवाड्यातला जुना माणूस सापडणं कठीण. गावातच वाढलेल्या आम्हा पोरांना मात्र रेल्वेचं कौतुक फार काळ पुरायचं नाही. इंजिन कितीही देखणं असलं तरी ते सरकारचं. त्याला हात लावायची सोय नव्हती, आणि शेडच्या फाटकाशी रेंगाळलं की कुणीतरी हाकलून द्यायचं. ज्याला हात लावता येईल, जे खोलून परत जोडता येईल, असं यंत्र गावात एकच होतं. सायकल.

खरं तर त्या अवाढव्य रेल्वेचं घड्याळही सायकलवरच फिरायचं. वाफेच्या इंजिनांच्या काळात ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड यांना ड्यूटीची वर्दी द्यायला कॉलबॉय यायचा. नावात बॉय असला तरी पन्नाशीचे कॉलबॉयही असत. मध्यरात्री रेल्वे कॉलनीत डायनॅमोची घरघर ऐकू यायची, कुणाच्या तरी दाराची कडी वाजायची, वहीवर सही घेतली जायची आणि ती घरघर पुढच्या क्वार्टरकडे निघून जायची. कॉलबॉयची सायकल पंक्चर झाली की मालगाडी लेट, असं कॉलनीतली माणसं गमतीनं म्हणत. मला त्यात गंमत वाटत नसे. एवढी मोठी गाडी एवढ्या साध्या यंत्राच्या भरवशावर सुटते, यानंच मी भारावून जायचो.

ती सायकल म्हणजे काळी, दांडीची, अठ्ठावीस इंची. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे इंग्रजी सायकलींचा बोलबाला होता. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. पुढे आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला १९४९ मध्ये टीआय, सोनिपतला १९५१ मध्ये ॲटलास, लुधियान्याला १९५६ मध्ये हिरो असे कारखाने उभे राहिले. हँडलवरचा बिल्ला बदलला, सायकल फारशी बदलली नाही. विलायती रोडस्टरचा सांगाडा जसाच्या तसा आपल्या काळ्या मातीत उतरला.

आणि इथेच त्याची परीक्षा झाली. पूर्णा नदी गोदावरीला मिळते ती आमच्याच तालुक्यात, त्यामुळे माती अशी की मृगाचा पाऊस पडला की पाय उचलवत नाही. चिखल मडगार्ड आणि टायरच्या मधल्या बोटभर जागेत ठासून बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काडी घेऊन तो कोरून काढायचा, दहा पावलं जायचं, परत काडी. शेवटी सायकल खांद्यावर. पावसाळ्यात शेतकरी मडगार्डं सरळ काढून घरात ठेवायचे. विलायतेत मडगार्ड चिखल उडू नये म्हणून लावतात. आमच्याकडे चिखल होतो म्हणून काढतात. कारखान्याच्या नकाशात नसलेली ही सुधारणा गावोगाव आपोआप झाली होती.

माझं शिक्षण स्टेशन रोडवरच्या एका सायकल दुकानात झालं. शाळेतही झालं, पण त्यातलं लक्षात कमी आहे. दुकानात भाड्याच्या सायकली असत, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेल्या. वहीत नाव आणि वेळ लिहून तासावर मिळत. दांडीखालून पाय घालून कैचीनं चालवत आम्ही त्या तासाचा जीव काढायचो. दुकान चालवणाऱ्या चाचांना सगळे चाचाच म्हणत. सायकल परत करताना मी घुटमळायचो, म्हणून त्यांनी एकदा पुढ्यात रॉकेलची वाटी सरकवली आणि छर्रे धुवायला लावले. पुढच्या चाकाच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना दहा-दहा छर्रे, मागच्यात नऊ-नऊ आणि जरा मोठे. एखादा हरवला तरी चाक फिरतं, पण महिन्याभरात कोन खाऊन टाकतं. फ्रीव्हील उघडलं की आत दोन चिमुकले ‘कुत्ते’ आणि त्यांना रेटणाऱ्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा. पायडल थांबवल्यावर जी कटकट येते ती या कुत्त्यांची, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी घरी चालत गेलो नाही, पळत गेलो.

चाचांची खरी करामत चाकाचा आउट काढण्यात होती. वाकडं चाक चिमट्यात फिरतं ठेवायचं, रिंगशेजारी खडू धरायचा, जिथे खडू लागेल तिथले स्पोक चावीनं पाव-पाव फेरा ढिले करायचे आणि समोरच्या बाजूचे आवळायचे. आम्ही डोळे फाडून बघायचो. चाचा म्हणायचे, “बाळा, डोळ्यानं काय बगायलास? कानानं आइक.” आणि बोटाच्या नखानं एकेक स्पोक छेडायचे. सगळ्या तारांचा सूर जवळपास एक आला की चाक सरळ. संगीताशी त्यांचा संबंध उरुसातल्या कव्वालीपुरता होता, पण कान पक्का.

या स्पोकमध्ये केवढं डोकं आहे हे मला फार उशिरा, पुस्तकं वाचल्यावर समजलं. बैलगाडीच्या चाकाचे आरे जाडजूड लाकडाचे असतात, कारण वरचं ओझं खालच्या आऱ्यावर उभं राहतं. लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो, ती थंड होऊन आवळली की सगळे आरे दाबात येतात. सायकलच्या चाकात हे सगळं उलटं आहे. दोन मिलिमीटरची तार दाब सोसूच शकत नाही, ती लगेच वाकेल. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात. ओझं आलं की जमिनीकडच्या तारांचा ताण थोडा उतरतो, पण संपत नाही. तारा हबमधून सरळ न निघता तिरप्या, एकमेकींना छेदत जातात, कारण पायडलचा जोर हबकडून रिंगकडे पोचवायचा असतो. ही तिरपी मांडणी कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीची, पेटंट १८७४ चं. पूर्णेच्या बाजारात बैलगाडी आणि सायकल शेजारी-शेजारी उभ्या असायच्या, तेव्हा हजारो वर्षांचा जुना विचार आणि त्याला दिलेलं उत्तर शेजारी-शेजारी उभं असायचं. कुणी शिक्षकानं आम्हाला ते बोट धरून दाखवलं नाही, ही हळहळ अजून आहे.

मॉडेल करण्याचा नाद यातूनच लागला. मराठवाड्यातल्या पोरानं पहिली गाडी ज्वारीच्या धाटाची करायची, हा नियमच. धाट सोलायचं, सालीच्या कामट्या काढायच्या, आतल्या भेंडाचे तुकडे करायचे आणि कामट्या त्यात खुपसून जोडत जायचं. खिळा नाही, डिंक नाही. बैलगाडी सगळेच करत, मी सायकल करायचो. भेंडाची सायकल उभी राहत नसे आणि दोन दिवसांत सुकून सैल व्हायची. मग जळक्या मोटारीच्या वायंडिंगची तांब्याची तार हाती लागली. तिची सायकल छान दिसायची, पण लांबून. जवळून पाहिलं तर चाक हे चाक नव्हतं, तारेचं वेटोळं होतं. माझा सगळा जीव अडकला होता तो चाकात.

ते कोडं सुटलं कासाराच्या दुकानात, मी नोकरीला लागल्यानंतर. बायकोबरोबर बांगड्या घ्यायला गेलो होतो. कासारानं विचारलं, “सव्वादोन का अडीच?” अडीचची बांगडी म्हणजे आतून अडीच इंच व्यास. अडीच इंच म्हणजे ६३.५ मिलिमीटर. आणि आपल्या काळ्या सायकलचं २८ × १½ चं टायर रिंगवर जिथे बसतं, तो व्यास ६३५ मिलिमीटर. बरोबर दहावा हिस्सा! मी तिथल्या तिथे पितळी बांगड्यांची जोडी घेतली. बायकोला वाटलं तिच्यासाठीच घेतली. तो गैरसमज घरी जाईपर्यंत टिकला.

एकदा चाकाचं माप ठरलं की बाकी सगळं दहानं भागायचं. पण भागणं कागदावर सोपं असतं. जुन्या रोडस्टरला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. म्हणजे पितळी बांगडीत तेवढी भोकं पाडायची, तीही एक डावीकडे कललेलं, एक उजवीकडे. दोन मिलिमीटरच्या स्पोकचा दहावा हिस्सा ०.२ मिलिमीटर. तांब्याची तार एवढी बारीक घेतली की ताणली जाते आणि तशीच राहते, परत आवळत नाही. पोलादच हवं. गिटारची सगळ्यात बारीक तार ०.२३ मिलिमीटरची असते, ती चालली. स्पोकच्या टोकाचा निपल चार मिलिमीटर जाड, म्हणजे इथे ०.४ हवा. २६ नंबरच्या इंजेक्शनच्या सुईची नळी जवळपास तेवढीच असते आणि आतून गिटारची तार आरपार जाते. डॉक्टर मित्राकडून नव्या सुया आणल्या, कानशीच्या धारेनं त्यांचे कण-कण तुकडे केले.

पण या निपलला आटे नाहीत, म्हणून चावी फिरवून आउट काढायची सोय नाही. कथलानं एकदा झाळलं की झालं. तेव्हा ताण आधीच सारखा हवा. त्यासाठी प्रत्येक तार बांगडीच्या भोकातून बाहेर काढून तिच्या टोकाला एकाच मापाचा लोखंडी नट लटकवायचा. सगळ्या तारांवर एकच वजन, म्हणजे एकच ताण. मग डाग द्यायचा आणि नट सोडवायचा. शेवटची तार झाळून झाल्यावर मी नखानं छेडून पाहिली. आवाज डासासारखा बारीक, पण सगळ्या तारांना एकच. चाचा तेव्हा हयात नव्हते. त्यांना ते चाक दाखवायचं राहून गेलं.

माझ्या मते मॉडेल याचसाठी करायचं असतं. बाजारात नट, बोल्ट, स्पार्कप्लग आणि चेनच्या कड्या वेल्ड करून केलेल्या शोभेच्या मोटारसायकली मिळतात. त्या दिसायला झकास असतात, भेट द्यायला बऱ्या. पण त्यांना मी मॉडेल म्हणणार नाही. स्पार्कप्लगला इंजिन म्हणायचं तर इंजिन कळण्याची गरजच संपली. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीचे मोटारसायकलचे किट जगभर नावाजलेले आहेत. एकास बारा प्रमाणात, काही एकास सहा, चेन आणि केबलसकट. मी एक जोडला आहे. सुटे भाग इतके अचूक की जोडताना डोकं वापरावंच लागत नाही. माझा आक्षेप तेवढाच.

याच्या दुसऱ्या टोकाला अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले आणि तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब सापडली. त्या रबरी नळीचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या एवढ्या सामानात त्रिकोण, चौकोन, घर, मनोरा, सगळं उभं राहतं. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. सायकलच्या सांगाड्यात मागची बाजू त्रिकोणी का, हे पोराला काही न सांगता कळतं. पुढे पुण्याला आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हेच काम वाढवलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पंक्चरच्या दुकानातली अगदी स्वस्तातली वस्तू विज्ञानाच्या वर्गात नेऊन बसवणारा हा माणूस आम्हा सायकलवेड्यांचा खरा गुरू.

पुण्यालाच कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, २०१७ पासून लोकांसाठी खुलं. तीन मजली घरभर सायकली, आणि त्यांच्यासोबत दिवे, पंप, कुलपं, घंट्या. तिथे बीएसएची पॅराट्रूपर सायकल आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटनं उतरणाऱ्या सैनिकांसाठी केलेली, दोन पंखांचे नट सैल केले की मधून दुमडणारी. मी तिच्यापुढे उकिडवा बसून बिजागरीची मापं वहीत घेत होतो. पूर्णेसारख्या गावातून गेलेल्या माणसाला तिथे आणखी एक गोष्ट जाणवते. ज्या साध्या काळ्या सायकली आपण किलोच्या भावानं भंगारात घातल्या, त्यांच्याच बहिणी तिथे पुसूनपासून मानानं उभ्या आहेत.

मोटारसायकलचा नाद मला स्टेशनच्या पार्सल ऑफिसनं लावला. बदली झालेल्या माणसांच्या गाड्या रेल्वेनं यायच्या. टाकीतलं पेट्रोल आधी पूर्ण काढायचं, मग सगळी गाडी गोणपाटात गुंडाळून सुतळीनं शिवायची. गोणपाटातून बाहेर राहिलेल्या एवढ्याशा भागावरून गाडी ओळखायची, हा आमचा खेळ. दोन सायलेन्सर दिसले तर जावा किंवा येझदी, म्हैसूरच्या आयडियल जावाची. तिची किक आणि गिअरची दांडी एकच. किक मारून झाली की तीच दांडी पुढे वळवायची आणि तिनंच गिअर टाकायचा. हे चेकोस्लोव्हाकियातलं डोकं मला आजही चकित करतं. राजदूत ओळखायला तर गोणपाटही आड येत नसे. मूळ पोलंडची, इकडे फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची, १७३ सीसी टू-स्ट्रोक. खेड्यातल्या दूधवाल्यांनी आणि ठेकेदारांनी तिला जेवढं राबवलं तेवढं बैलालाही राबवलं नसेल. बुलेट मोजकी. तिचा सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटरचा, म्हणून तो संथ ठोका. आवाज तिच्या सायलेन्सरचा नाही, तिच्या लांब स्ट्रोकचा आहे, हे आजच्या फटाके फोडणाऱ्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं.

या दोन जगांमध्ये पूल बांधला तो लूनानं. १९७२ मध्ये अहमदनगरला फिरोदियांच्या कायनेटिकनं काढलेली, ५० सीसीची, पायडल असलेली. पेट्रोल संपलं तर सायकल, भरलं तर गाडी. शिक्षक, ग्रामसेवक, पोस्टमन यांच्या आयुष्यात यंत्राचा वेग तिनं आणला. पुढे १९८५ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्यातली आयटीआय झालेली पोरं गाड्या नुसत्या चालवायच्या ऐवजी जोडायला लागली. माझ्या वर्गातलाही एक गेला. सुट्टीला आला की तो गाडीबद्दल बोलायचा आणि बाकीचे पगाराबद्दल विचारायचे.

एक कडू गोष्टही लिहायला हवी. आमच्या भागात सायकल, घड्याळ आणि रेडिओ ही जावयाची मागणी असायची. मग तिथे मोटारसायकल आली. सासऱ्यानं कर्ज काढून दिलेली गाडी स्टँडवर दिमाखात लावलेली बघितली की माझ्यासारख्या गाडीवेड्यालाही तिच्याकडे बघवत नाही. यंत्राचा त्यात दोष नाही, पण डाग त्यालाही लागतोच. उलट मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. खेड्याच्या रस्त्यावर गणवेशातल्या मुलींच्या सायकलींची रांग शाळेकडे जाताना दिसते, तेव्हा तिथे थांबून त्यांच्या सायकलींच्या चेनला तेल आहे का हे बघण्याची मला अनावर इच्छा होते.

छोटी मॉडेलं करणारे माझ्यासारखे हौशी. पण खरीखुरी, कामाची मॉडेलं शेतकऱ्यांनी केली. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचं चाक, चिमटा आणि हँडल वापरून हातानं ढकलायचं कोळपं केलं. बैलजोडी परवडत नाही अशा माणसासाठी. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्याची दखल घेतली. आज मराठवाड्यात गावोगावचे वेल्डिंगवाले अशी सायकल कोळपी करून देतात, आणि तुरीच्या तासांतून ती ढकलत जाणारी एकटी बाई ही रोजची गोष्ट आहे. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणींनी १९९४ च्या सुमारास बुलेटचं मागचं चाक काढून तिथे औजारं जोडली. त्यांच्या ‘बुलेट सांती’ला अमेरिकेचं पेटंट मिळालं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून केलेली चारचाकी तर किक मारून सुरू होते. आनंद महिंद्रांनी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. या माणसांनी इंजिनियरिंगची पुस्तकं उघडली नाहीत. त्यांनी यंत्र उघडलं.

आणि आता तेच अवघड होत चाललंय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं आणि बहुतेक मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. त्या जागी इंजेक्शन, सेन्सर, छोटा संगणक. धूर कमी झाला, ॲव्हरेज वाढलं, हे चांगलंच झालं. जुन्या टू-स्ट्रोकच्या निळ्या धुरासाठी गळे काढणाऱ्यांत मी नाही. पण परवा स्टेशन रोडवर गेलो तेव्हा चाचांच्या जागी बसणारा तरुण मेकॅनिक म्हणाला, “सर, गाडी काय बोलायली ते आता आपल्याला कळत न्हाई. मशीन लावावं लागतंय, मशीन म्हनलं ते बदलावं लागतंय.” त्याच्याकडे दुरुस्तीला आलेल्या सायकली होत्या त्या सगळ्या लहान मुलांच्या, जाड टायरच्या, रंगीत. काळी एकच होती, भिंतीला टेकलेली, मडगार्ड नसलेली. मालक शेतकरी, संध्याकाळी घेऊन जाणार होता. मी विचारून तिचं पुढचं चाक उचललं आणि फिरवलं. दोन ठिकाणी आउट होता, पण छर्रे ठणठणीत.

लूना २०२४ मध्ये विजेवर परत आली आहे, बजाजनं त्याच वर्षी सीएनजीवर चालणारी मोटारसायकल काढली. ही यंत्रंही कुणीतरी कधीतरी उघडेल, त्यातली युक्ती शोधेल, त्यांचं एकास दहा मॉडेल करेल. पण त्यासाठी आधी एखादं साधं यंत्र हातानं उघडलेलं असावं लागतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. घराच्या पडवीत किंवा गोठ्यात जुनी काळी सायकल पडून असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याला देऊ नका. तिचं वजन वीस किलोच्या आसपास भरतं, त्या भावानं मिळून मिळून किती मिळणार! त्यापेक्षा एक पंधरा नंबरचा पान्हा, एक स्पोकची चावी आणि वाटीभर रॉकेल आणा, आणि घरातल्या पोराला, पोरीला पुढचं चाक खोलायला बसवा. छर्रे मोजून घ्यायला सांगा. एका बाजूला दहाच भरले पाहिजेत.